एका गालाच्या दोघी

दोन हजार दहा साली मोठीच्या पार्लरमध्ये मशीन आलं. तेव्हा फोनला अजून बटणं होती, फोटो लोक कागदावर छापून घेत, आणि गाल ओघळायला लागले की बायका आरशाला नावं ठेवत.

मोठी म्हणजे पार्लरची मालकीण. वय साठीच्या पुढे, बांधा ठेंगणा, आणि आवाज असा की ती मागच्या खोलीत बोलली तरी रस्त्यावरच्याने वळून बघावं. तिची सून सौंदर्योपचाराचा डिप्लोमा करून दुकानात कामाला लागली, तेव्हा गिऱ्हाइकांनी दोघींना मोठी आणि धाकटी करून टाकलं. पुढे तेच घरातही चिकटलं. मोठीचा मुलगा बूट-चपलांच्या दुकानात होता. तोही कधीकधी फोनवर विचारायचा, "मोठी आहे की धाकटी?"

दुकान दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत एक अरुंद पलंग आणि टॉवेलांचं कपाट. पुढच्या खोलीत ओळीने आरसे, आणि खिडकीशी उंच पाठीची एक खुर्ची. ती खुर्ची मोठीची. म्हणजे बसायचं गिऱ्हाइकानेच, पण त्या खुर्चीमागे उभं राहून हात चालवायचा मान फक्त मोठीचा. तिच्या हाताचं नाव होतं. हनुवटीपासून कानापर्यंत तिची बोटं अशी चढत की तोंडाळ बायकासुद्धा वाक्य अर्धं टाकून झोपी जात. मुली यायच्या, मग त्यांच्या आया यायच्या, मग त्या मुलीच आया होऊन यायच्या. "चेहरा वर उचलायचा असतो, खाली पुसायचा नसतो," हे मोठी प्रत्येकीला सांगे, आणि प्रत्येकीला वाटे, हे आपल्यालाच सांगितलं.

एक गोष्ट मात्र ती कोणाला सांगत नसे. गेल्या दोन वर्षांत तिच्या बोटांची पेरं सुजायला लागली होती. सकाळी तर मूठ वळत नसे. दुपारपर्यंत बोटं मोकळी होत, पण त्यांतला जोर पहिल्यासारखा राहिला नव्हता. क्रीमच्या बाटल्यांची झाकणं ती सैल ठेवायला लागली होती. फिरवायला जोर लागू नये आणि कोणाला कळू नये म्हणून.

अशात मशीन आलं. चाकांचं, पांढरं, पुढे पडदा आणि बाजूला वायरीला लटकलेले दोन हँडपीस, एक चेहऱ्याचा आणि एक पोटाचा. कंपनीने दोन महिने वापरून बघायला दिलं होतं. धाकटीने त्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं.

मोठीने मशीनभोवती एक फेरी मारली. "हे काय करतं म्हणे?"

"रेडिओ फ्रिक्वेन्सी, आई. आरएफ म्हणतात. सुई नाही, कापाकापी नाही. कातडीच्या खाली ऊब जाते. आत जे धागे असतात ना, कातडीला धरून ठेवणारे, ते उबेने आखडतात आणि हळूहळू नवे तयार होतात. मग सैल पडलेलं आवळून येतं."

"लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात टाकल्यासारखं."

"साधारण तसंच."

"आणि स्वेटर मग धाकट्या भावाला द्यावा लागतो," मोठी म्हणाली.

खिडकीजवळच्या खुर्चीतून हसू आलं. तिथे मोठीची नणंद बसली होती, तोंडाला क्रीम लावून. ही नणंद मोठीच्या नवऱ्याची थोरली बहीण. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. अर्ध्या गावाने तिचा आवाज ऐकला होता आणि चेहरा कोणी पाहिला नव्हता, असं ती स्वतःच सांगायची. "रेडिओ म्हणजे आमच्या नात्यातलाच की," ती म्हणाली. "बातम्या किती वाजता लागतात गं यावर?"

"लागत नाहीत, आत्या."

"मग बरंय. चेहऱ्याला वाईट बातम्या नकोच."

धाकटीही हसली, पण तिचं लक्ष सासूकडे होतं. आता जे बोलायचं होतं ते ती घरून ठरवून आली होती. "आई, मशीनला खिडकीजवळची जागा लागेल. मागच्या खोलीत प्लग आहे तो एवढा भार घेत नाही. सध्या मी कसंबसं भागवीन, पण कायमचं ठेवायचं तर तिथे पलंग टाकावा लागेल."

तिथे म्हणजे खुर्चीच्या जागी. मोठीने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"आणि नाही ठेवलं तर?"

"तर मशीन परत जाईल. मोठ्या क्लिनिकमधून बोलावणं आलंय, ते तुम्हाला माहीत आहे. मी तिकडे जाईन. भांडून नाही जाणार. सांगून जाईन." मग जरा थांबून ती म्हणाली, "पण मला इथेच राहायचंय."

मोठीला सुनेचा राग येईना, हेच तिला अवघड जात होतं. मुलगी कामाची होती. नीट होती. शिकत असताना नवऱ्याला वर्गात नेऊन त्याच्या सुटलेल्या पोटावर हँडपीस फिरवून तिने सराव केला होता. मुलगा बिचारा शर्ट वर करून वर्तमानपत्र वाचत पडायचा. पण खुर्ची ती खुर्ची. मशीन तिथे आलं की लोक म्हणणार, मोठीने हात टेकले. आणि सुजलेली पेरं घेऊन मोठीला नेमकं तेच ऐकायचं नव्हतं.

"माझ्या हाताने जे होतं, ते या डब्याने होणार?"

"बघून ठरवू या ना," धाकटी म्हणाली.

"कोणाच्या तोंडावर बघणार?"

"माझ्या," नणंद खुर्चीतून म्हणाली. "घ्या माझा चेहरा. तसाही रिकामाच पडलाय. अर्धा वहिनीचा, अर्धा धाकटीचा. जमिनीसारखा वाटून घ्या. फक्त बांध नाकावरून घाला, माझ्या तोंडावरून नको. मला बोलायला लागतं."

असं ठरलं. दोन महिने अर्ध्या चेहऱ्यावर हात, अर्ध्यावर मशीन. हात जिंकला तर मशीन परत. मशीन जिंकलं तर खुर्ची हलणार. मोठी सोमवारी काम करणार, धाकटी गुरुवारी. एकीच्या वेळी दुसरीने तिकडे डोकावायचं नाही. नणंदेने एकीचं दुसरीला काही सांगायचं नाही, म्हणजे मन कलुषित होणार नाही.

"ते मला नका शिकवू," नणंद म्हणाली. "एका लाइनीवरचं दुसऱ्या लाइनीवर नेलं असतं तर या गावात किती संसार मोडले असते, ठाऊक आहे?"

धाकटीने आधी फोटो काढला, तिच्या शिस्तीत. जमिनीवर चिकटपट्टीची खूण, तिथेच पाय. पडदा ओढलेला, दिवा तोच, चेहरा समोर. पुढच्या वेळी उजेड बदलला असं कोणी म्हणायला नको. तो फोटो तिने वहीच्या पानाएवढा छापून आणला आणि आरशाच्या कडेला चिकटवला. मोठीने फणीचं शेपूट घेतलं, फोटोतल्या नाकावरून खाली एक रेघ ओढल्यासारखं केलं आणि एका अर्ध्यावर टोचून म्हणाली, "ही बाजू माझी."

"बरं," धाकटी म्हणाली, "मग ही माझी."

दोघींनी मान डोलावली. घोळ झाला तो इथेच. पण तो दिसायला अजून दोन महिने होते.

सोमवारी नणंद खुर्चीत बसे आणि मोठीची बोटं चालू होत. एकाच गालावर काम करायची तिला सवय नव्हती. पहिल्या दिवशी दुसरा हात आपोआप दुसऱ्या गालाकडे जाऊ लागला, तेव्हा तिने तो खुर्चीच्या पाठीवर ठेवून दिला. दुखऱ्या पेरांनी ती हनुवटीखाली शिरे, जबड्याच्या हाडावरून वर येई आणि कानामागे जाऊन सोडून देई. नणंद डोळे मिटून, नावं न घेता, एक्स्चेंजमधल्या गोष्टी सांगे. एका लग्नाची बोलणी तारेवर तुटायला आली तेव्हा हिने मध्येच "वेळ संपली" म्हणून लाइन कापून ती कशी वाचवली, वगैरे.

गुरुवारी मागच्या खोलीत पलंगावर तीच नणंद आडवी पडे. पहिल्या गुरुवारी धाकटीने कानातलं, गळ्यातलं सगळं काढायला लावलं. "पेसमेकर नाही ना बसवलेला? शरीरात कुठे धातूची पट्टी, सळई?"

"धातूची म्हणशील तर जीभ आहे. पोलादी."

"तिला हात लावत नाही." धाकटीने गालावर थंड जेल पसरलं आणि हँडपीस टेकवला. तो एका जागी थांबवायचा नाही, हे पहिलं शिक्षण. थांबला की चटका. छोटी छोटी वर्तुळं काढत न्यायचा आणि मधूनमधून दुसऱ्या हातातल्या थर्मामीटरने कातडीचं तापमान बघायचं. "किती गरम लागतंय, आत्या?"

"चहाचा कप हातात धरवतो, तेवढं."

"ओठाला लावण्याइतकं झालं की सांगा."

"एवढ्या प्रेमाने मला कोणी चहासुद्धा विचारला नव्हता," नणंद म्हणाली आणि झोपी गेली.

महिना उलटला. एका सोमवारी मोठीची बोटं जबड्याच्या कडेवरून वर जाताना थांबली. हाताखालचं मांस पूर्वीसारखं घरंगळत नव्हतं. फार नाही, पण धरून होतं. जबड्याची रेघ, जी गेली काही वर्षं गळ्यात उतरून गेली होती, ती पुन्हा हाताला लागत होती. मोठीने आरशात पाहिलं. मग दुसऱ्या गालाकडे पाहिलं. तो होता तसाच, उशीसारखा ओघळलेला.

तिचा ऊर भरून आला. इतकी वर्षं चेहरे उचलले, पण असं बोटांना कधी लागलं नव्हतं. ही बोटं संपली, असं ती रोज सकाळी मूठ वळताना मनात म्हणत होती. आणि बोटं तर आत्ता कुठे तयार झाली होती. त्या दिवशी घरी जाताना ती रस्त्याच्या मधून चालली. वाटेत भेटलेल्या भाजीवाल्याने विचारलं, "काय मोठी, आज ताठ?" तेव्हा ती म्हणाली, "उशिरा का होईना, हात बसला."

आणि मग तिला सुनेची दया यायला लागली. बिचारीचं मशीन. गुरुवारी तासभर घरघरतं आणि गालाला पत्ताच नाही. पोरगी एवढं शिकली, कंपनीच्या माणसासमोर इंग्रजीत बोलली, आणि पदरात हे. मोठी तिच्याशी मऊ बोलू लागली. तिचा डबा आपल्याबरोबर भरू लागली. एकदा गिऱ्हाइकापुढे म्हणाली, "आमच्या धाकटीच्या हातात थर्मामीटर असतं. आमच्या वेळी आम्ही अंदाजाने मारायचो." धाकटीने चमकून पाहिलं. असं कौतुक पाच वर्षांत कानावर आलं नव्हतं.

गंमत अशी की धाकटीही मऊ झाली होती. संध्याकाळी ती न विचारता गरम पाण्याचं भांडं सासूपुढे ठेवी, "हात शेका" म्हणे आणि निघून जाई. मोठीला वाटे, हरणारं माणूस गोड होतं. शेवटच्या सोमवारी तर तिने मनाशी ठरवून टाकलं, की निकाल आपल्या बाजूने लागला तरी सुनेला म्हणायचं, ठेव ते मशीन, मागच्या खोलीचा प्लग बदलून घेऊ. जिंकलेल्याने एवढं करायलाच हवं.

निकालाला परका माणूस हवा होता. समोरच्या दुकानातल्या फ्रेमवाल्यांना बोलावलं. हे गृहस्थ चित्रांना चौकटी करायचे. कोणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी भिंतीवरची तसबीर सरळ करायचे. केसाएवढा कल त्यांना सहन होत नसे. दुपारी दुकान बंद करून ते आले तेव्हा हातात पाणसळ होती, पातळी बघायची बुडबुड्याची पट्टी.

"ती कशाला?" मोठीने विचारलं.

"सवय. टेकवणार नाही, घाबरू नका."

"टेकवा की," नणंद म्हणाली. "बुडबुडा कुठे जातो ते मलाही बघायचंय."

नणंद चिकटपट्टीच्या खुणेवर उभी राहिली. पडदा ओढला, दिवा लावला. फ्रेमवाल्यांनी एक डोळा मिटला, दोन पावलं मागे गेले, मान जराशी तिरकी केली. मोठीला स्वतःचे श्वास ऐकू येत होते. धाकटी टॉवेलाची घडी उलगडत होती आणि पुन्हा घालत होती.

"फरक आहे," ते शेवटी म्हणाले. "गाजावाजा करण्याइतका नाही, पण आहे. ही बाजू," त्यांनी पुढे होऊन नणंदेच्या उजव्या गालाजवळ अंगठा नेला, "ही बाजू वर धरलेली आहे. जबड्याची कड दिसते. ती दुसरी अजून जुन्या खिळ्यावरच लोंबतेय."

मोठीने डोळे मिटून घेतले. उजवा गाल. तिचा गाल. क्षणभर तिने ते सुख एकटीने घेतलं, मग सुनेकडे वळून शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाली, "अगं, तू मनाला लावून घेऊ नकोस."

आणि त्याच वेळी धाकटी तिचा हात धरून म्हणत होती, "आई, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या हाताला तोड नाहीच."

मोठीने हात सोडवून घेतला.

"मी कशाला वाईट वाटून घेऊ?" मोठी म्हणाली. "उजवा गाल माझा."

"उजवा माझा आहे, आई."

"डोळे फुटले का गं? दोन महिने मी त्याच गालावर राबतेय."

"मीही त्याच गालावर राबतेय."

फ्रेमवाल्यांनी पाणसळ काखेत धरली आणि एक पाऊल दाराकडे सरकले. घरगुती भांडणात चौकट मोडते, हा त्यांचा अनुभव होता.

धाकटी आरशाजवळ गेली. कडेला चिकटवलेल्या फोटोकडे बघत राहिली, मग आरशातल्या आत्याकडे, मग परत फोटोकडे. "आई, तुम्ही फोटोतली कुठली बाजू दाखवली होती?"

"ही," मोठीने बोट ठेवलं. "आरशात बघ ना, याच बाजूला हिचा उजवा गाल दिसतो."

"आरशात दिसतो. फोटोत नाही. फोटोतलं माणूस आपल्याकडे तोंड करून उभं असतं, त्याचा उजवा गाल आपल्या डाव्या हाताला येतो. तुम्ही दाखवला तो डावा गाल होता. म्हणून मी उजवा घेतला."

मोठीने फोटो पाहिला, आरसा पाहिला. सगळं आयुष्य तिने खुर्चीमागे उभं राहून आरशात चेहरे पाहिले होते. आरशाला लावलेला फोटो तिने आरशासारखाच वाचला. सुनेने फोटोसारखा वाचला. ज्याचं त्याचं काम ज्याने त्याने अगदी बरोबर केलं होतं, आणि डावा गाल वाऱ्यावर राहिला होता.

दोघी मग एकदमच नणंदेकडे वळल्या.

"वन्सं," मोठी म्हणाली, "तुम्हाला कळत नव्हतं? सोमवारीही उजवा, गुरुवारीही उजवा?"

"न कळायला काय झालं? गाल माझाच आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"मी?" नणंदेला खरोखर राग आला. "एकीचं दुसरीला सांगायचं नाही, हे कोणी ठरवलं? तीस वर्षं मी लाइनीवर बसले, तोंडातून अक्षर जाऊ दिलं नाही, आणि आता गालापायी बेइमानी करू? शिवाय मला वाटलं, डावा मुद्दाम कोरा ठेवलाय. कापडवाला ताग्याचा नमुना ठेवतो तसा, ताडून बघायला. म्हटलं, पोरींना अक्कल आहे."

पहिल्यांदा फ्रेमवाले हसले. मग धाकटीने टॉवेलात तोंड खुपसलं. मोठीही हसली, कारण न हसणं शक्यच नव्हतं. पण मग ती हात धुवायचं निमित्त करून मागच्या खोलीत गेली.

नळाखाली तिने हात धरले. म्हणजे ती रेघ बोटांची नव्हती. किंवा होती, पण नेमकी किती, ते आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. महिनाभर ती रस्त्याच्या मधून चालली होती. पेरं तशीच सुजलेली होती. तिने क्रीमची बाटली उचलली. झाकण बोट लावताच फिरलं. सैल होतं. आणि तिला एकदम आठवलं, की ही बाटली कालच नवी आली होती. नवं झाकण सैल कसं?

धाकटी दारात उभी होती.

"हे तू करतेस?"

"दोन वर्षं," धाकटी म्हणाली. "सकाळी तुम्ही यायच्या आत."

मोठी बाटलीकडे बघत राहिली. "मला वाटलं होतं, हात परत आला."

"मला वाटलं होतं, मशीन कंपनीने सांगितलं त्याहून जास्त करतंय. आणि डावा गाल बघून मला रडू यायचं, आई. मी मनात म्हणायचे, यांचा हात गेला, आणि निकालाला ते मी चारचौघांत दाखवणार. कालच कंपनीला कळवून टाकलं, मशीन घेऊन जा म्हणून. आज जिंकले तरी परत करणार होते."

"आणि मी तुझ्यासाठी प्लग बदलणार होते," मोठी म्हणाली.

बाहेर नणंद फ्रेमवाल्यांना पाणसळ आपल्या कपाळावर टेकवायला लावत होती, त्याचा गोंधळ ऐकू येत होता.

"वेडी आहेस," मोठी शेवटी म्हणाली. "फोन कर त्या कंपनीला. म्हणावं, ठेवतोय. कुठल्या सासूची सून झाकणं सैल करते गं? माझ्या पाहण्यात तरी नाही." हे बोलताना तिची मान पुन्हा तशीच ताठ झाली होती, रस्त्याच्या मधून चालताना व्हायची तशी. फक्त यावेळी बोटांसाठी नव्हे.

ती पुढच्या खोलीत आली. "वन्सं, पलंगावर पडा. डावा गाल राहिलाय."

"पुन्हा पैज?"

"पैज नाही. बाकी राहिलेलं काम."

धाकटीने जेल लावलं. मोठी म्हणाली, "आण तो इकडे," आणि हँडपीस हातात घेतला. सवयीने तिने जोर देऊन दाबला तशी नणंद ओरडली, "वहिनी, कणीक नाही ती." धाकटीने सासूच्या मनगटाखाली हात धरला. "जोर नको, आई. फक्त टेकवायचा आणि चालतं ठेवायचं. थांबायचं नाही."

मोठीने पुन्हा टेकवला. चुकली, पुन्हा टेकवला. हळूहळू वर्तुळं जमली. दाबायचं नव्हतं, पेरांना कष्ट पडतच नव्हते. वायरीतून आलेली ऊब तिच्या बोटांनाही लागत होती, किंवा तिला तसं वाटलं. हनुवटीपासून कानापर्यंत, वर, नेहमीच्याच वाटेने हात चालला. धाकटी थर्मामीटर धरून आकडा सांगत होती आणि सासूच्या हाताकडे बघत होती. फ्रेमवाले निघताना दारात थांबून म्हणाले, "आता कुठे चित्र सरळ लागलं," आणि पाणसळ विसरून गेले.

खुर्ची हलली नाही. मिस्त्रीला बोलावून मागच्या खोलीत जाड वायर टाकली आणि मशीन तिथे कायमचं बसलं. क्लिनिकला धाकटीने नकार कळवला. बायका आधी आत पडत, मग बाहेर खुर्चीत बसून मोठीकडून तोंडावर हलका हात फिरवून घेत. कशाने काय होतं हे विचारणाऱ्यांना मोठी सांगे, "ते आम्हालाच ठाऊक नाही, तुम्हाला काय सांगू?" आणि हे ती मोठ्या तोऱ्यात सांगे.

पुढे मोठीने आणखी नऊ वर्षं काम केलं, त्यातली निम्मी हँडपीस धरून. आता ती घरी असते आणि कोणीही आलं की सुनेच्या दुकानाची गोष्ट काढते. तिची मूठ अजूनही सकाळी वळत नाही, पण झाकणं सैल असतात.

नणंदेचा डावा गाल उजव्याच्या मागे दोन महिने राहिला तो राहिलाच, असं तिचं म्हणणं होतं. जुन्या ऑपरेटरांच्या मेळाव्यात ती सगळ्या फोटोंत उजवा गाल पुढे करून उभी राहिली, आणि ज्यांनी फक्त तिचा आवाज ऐकला होता ते म्हणाले, आवाजापेक्षा चेहरा तरुण आहे. ऐंशीव्या वर्षी ती झोपेत गेली. एक्स्चेंजमधलं की पार्लरमधलं, एकही गुपित तिच्या तोंडून बाहेर आलं नाही.

फ्रेमवाल्यांनी तो आरशाजवळचा फोटो चौकटीत बसवून दिला, पैसे घेतले नाहीत. त्यांचं दुकान आता त्यांची मुलगी चालवते. तीही पाणी पिण्याआधी तसबीर सरळ करते. मोठीचा मुलगा स्वतःचं चपलांचं दुकान काढून बसला. पोट मात्र पुन्हा आलं. बायको म्हणते, त्याला रेडिओ पुरणार नाही, टीव्ही लागेल.

धाकटीला आता कोणी धाकटी म्हणत नाही, तिच्या हाताखाली मुली शिकतात. नव्या मुलीला ती पहिल्या दिवशी मशीन दाखवत नाही. भुवयांची पांढरी पेन्सिल हातात देते आणि म्हणते, काम सुरू करायच्या आधी ठिपका काढायचा. फोटोवर नाही, आरशात बघून नाही, माणसाच्या गालावर. का, ते विचारलं की ती भिंतीवरच्या चौकटीतल्या आत्याकडे बोट दाखवते. ते पहिलं मशीन कधीच बंद पडलं. कंपनी त्याचे भाग आता देत नाही. ते मागच्या खोलीत कापडाखाली उभं आहे. मोठी दुकानात आली की आधी त्याच्यावरची धूळ झटकते आणि मग खिडकीशी जाऊन बसते, आपल्या खुर्चीत.